पाहुणा विद्यार्थी : बंगळूरमधील परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येतील चढउतार



एखाद्या देशात बाहेरून किती विद्यार्थी शिकावयास येतात, हा प्रश्न वरकरणी शिक्षणखात्याच्या वार्षिक अहवालातील एका रकान्याचा आहे. परंतु त्या रकान्यातील प्रत्येक आकड्यामागे एका कुटुंबाने घेतलेला निर्णय असतो. घरातील मुलगा किंवा मुलगी हजारो मैल दूर पाठवावयाची, त्यासाठी साठवलेला पैसा मोडावयाचा, परक्या भाषेच्या आणि परक्या अन्नाच्या स्वाधीन तिला करावयाचे, हा निर्णय कोणतेही कुटुंब सहजासहजी घेत नाही. आपले मूल तेथे सुखरूप राहील आणि परत येताना काही मोलाचे घेऊन येईल, असा विश्वास त्यामागे असतो. म्हणूनच परदेशी विद्यार्थ्यांची संख्या वाढते तेव्हा त्या देशावरील विश्वास वाढलेला असतो आणि ती घटते तेव्हा त्या विश्वासाचे काय झाले, हे तपासून पाहणे भाग पडते. बंगळूर शहर आणि तेथे आफ्रिकेतून, विशेषतः पश्चिम आफ्रिकेतून येणारे विद्यार्थी यांच्या संदर्भात हीच तपासणी येथे करावयाची आहे.

प्रथम आकडे पाहू. केंद्रीय शिक्षण मंत्रालय २०१०-११ पासून अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण करीत आले आहे. या सर्वेक्षणानुसार २०१८-१९ साली भारतातील उच्च शिक्षणसंस्थांत ४७,४२७ परदेशी विद्यार्थी होते. पुढील वर्षी ते ४९,३४८ झाले आणि त्यांत १६८ देशांचे विद्यार्थी होते. त्यानंतर महामारीची दोन वर्षे आली. २०२०-२१ साली ही संख्या ४८,०३५ वर आली आणि २०२१-२२ साली ४६,८७८ वर. त्या वर्षी देशात उच्च शिक्षण घेणाऱ्या एकंदर विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ४ कोटी ३३ लाख होती. म्हणजे दर हजार विद्यार्थ्यांमागे जेमतेम एक विद्यार्थी बाहेरचा. याउलट २०२४ साली तेरा लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशांत शिकत होते. स्थूलमानाने सांगावयाचे तर एक विद्यार्थी भारतात येतो तेव्हा अठ्ठावीस विद्यार्थी भारताबाहेर गेलेले असतात.

येणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा नेपाळचा. चारांतील एकाहून अधिक परदेशी विद्यार्थी नेपाळी असतात. त्यानंतर अफगाणिस्तान, बांगलादेश, भूतान अशी शेजारी राष्ट्रे येतात. आफ्रिका खंडातून सुदान आणि नायजेरिया हे दोन देश वरच्या दहांत दीर्घकाळ होते. २०१९-२० साली सुदानचा वाटा ३.६ टक्के व नायजेरियाचा ३.१ टक्के होता. नायजेरियाच्या बाबतीत याचा अर्थ दीड हजार विद्यार्थी. जवळपास वीस कोटींहून अधिक लोकवस्तीच्या राष्ट्राच्या मानाने हा आकडा लहान आहे. परंतु जे आले त्यांपैकी पुष्कळांची पावले थोड्याच शहरांकडे वळली आणि त्यांत बंगळूरचे नाव आघाडीवर होते.

आता कर्नाटकाचा रकाना पाहिला की एक विचार करावयास लावणारी गोष्ट दिसते. २०१२-१३ च्या सुमारास या राज्यात तेरा हजारांच्या आसपास परदेशी विद्यार्थी होते. २०१८-१९ साली ते दहा हजारांवर आले. तरीही राज्यांच्या यादीत कर्नाटक पहिले होते आणि दुसऱ्या क्रमांकावरील महाराष्ट्रात त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे पाच हजार विद्यार्थी होते. २०२०-२१ साली कर्नाटकाचा आकडा आठ हजारांच्या घरात आला आणि २०२१-२२ साली तो सहा हजारांच्याही आत गेला. या घसरणीचे कारण महामारी असे सांगून मोकळे होता येते. परंतु ते उत्तर पुरेसे नाही. २०१८-१९ आणि २०२१-२२ या दोन वर्षांची तुलना केली तर देशाची एकूण संख्या शेकडा एक-दीडहून अधिक घटलेली नाही, आणि कर्नाटकाची मात्र शेकडा चाळीस घटली आहे. महामारी सर्व राज्यांना सारखीच होती. याचा सरळ अर्थ असा की विद्यार्थी भारतात येत राहिले, पण ते बंगळूरला येईनासे झाले. पंजाब आणि गुजरात येथील मोठ्या खाजगी विद्यापीठांनी या काळात आफ्रिकी देशांत प्रतिनिधी नेमून, वसतिगृहासह सर्व सोयी एकाच आवारात देऊ करून विद्यार्थी आपल्याकडे वळवले, हे त्याचे एक कारण आहे. परंतु दुसऱ्याचे बोलावणे नेहमीच मोहक असते. पाहुणा पहिले घर का सोडतो, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी हे विद्यार्थी बंगळूरला आले कसे, हे समजून घेतले पाहिजे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच भारत सरकारने आशिया व आफ्रिकेतील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. १९५० साली मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली आणि पुढे या शिष्यवृत्त्यांचे काम तिच्याकडे आले. या आरंभकाळाशी एका मराठी माणसाचे नाव निगडित आहे. औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत हे १९४८ साली स्वतंत्र भारताचे पूर्व आफ्रिकेतील पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. तेथील आफ्रिकी तरुणांनी भारतात येऊन शिकावे यासाठी त्यांनी प्रयत्न केले. ज्या वसाहतीत आफ्रिकी मुलांना उच्च शिक्षणाची दारे जवळजवळ बंद होती, तेथे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका गरीब राष्ट्राने ती उघडून देऊ करावीत, ही गोष्ट इंग्रज अधिकाऱ्यांना रुचणारी नव्हती.

पश्चिम आफ्रिकेशी संबंध आला तो प्रथम लष्करी शिक्षणाच्या वाटेने. १९६० साली स्वतंत्र झालेल्या नायजेरियाने आपले तरुण अधिकारी भारतात पाठवले. इब्राहिम बाबांगिडा १९६३ साली डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीत होते. ओलुसेगुन ओबासांजो १९६५ साली निलगिरीतील वेलिंग्टनच्या संरक्षण सेवा महाविद्यालयात आणि त्यानंतर पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात शिकले. मुहम्मदू बुहारी १९७३ साली वेलिंग्टनला आले. हे तिघेही पुढे आपल्या देशाचे राष्ट्रप्रमुख झाले. १९६४ साली नायजेरियाच्या कडुना शहरात संरक्षण प्रबोधिनी उभी राहिली, तेव्हा तिची उभारणी भारतीय लष्करी पथकाने केली आणि तिचे पहिले प्रमुखही भारतीय अधिकारीच होते. अशा रीतीने भारत म्हणजे शिक्षणाचे ठिकाण ही ओळख त्या देशात दृढ झाली.

परंतु शिष्यवृत्तीवर येणारा विद्यार्थी आणि स्वखर्चाने येणारा विद्यार्थी यांत महत्त्वाचा भेद आहे. पहिल्याला सरकार बोलावते. दुसऱ्याला महाविद्यालय बोलावते. बंगळूरला आलेले बहुसंख्य विद्यार्थी दुसऱ्या प्रकारचे आहेत, आणि त्याचे मूळ कर्नाटकातील खाजगी शिक्षणाच्या इतिहासात आहे. १९५३ साली डॉ. टी. एम. ए. पै यांनी मणिपाल येथे खाजगी वैद्यकीय महाविद्यालय काढले. त्यानंतर, विशेषतः १९८० च्या सुमारास, राज्यात खाजगी अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांची रीघ लागली. देणगी घेऊन प्रवेश देण्याची पद्धत इतकी बोकाळली की १९८४ साली राज्याला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर जो तक्ता आला तो बोलका आहे. शासकीय जागेसाठी वर्षाला २,००० रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्यांसाठी २५,००० रुपये आणि राज्याबाहेरच्यांसाठी ६०,००० रुपये, असे शुल्क कर्नाटकातील खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांना ठरवून देण्यात आले होते. जो जितका दूरचा, तितका त्याच्याकडून अधिक पैसा, हे तत्त्व यात स्पष्ट दिसते. पुढे न्यायालयांनी या शुल्कांवर बंधने घातली, तेव्हा संस्थाचालकांची दृष्टी साहजिकच समुद्रापलीकडे गेली. परदेशी विद्यार्थ्यासाठी निर्धारित संख्येच्या बाहेर जादा जागा ठेवता येतात आणि त्यांचे शुल्कही वेगळे ठरवता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली अशा जादा जागांची मर्यादा पंचवीस टक्क्यांपर्यंत नेली. सारांश, परदेशी विद्यार्थी हा अनेक संस्थांच्या जमाखर्चातील महत्त्वाचा आधार झाला.

आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. लागोस, ईबादान किंवा आक्रा येथील कुटुंब आपले मूल बाहेर का पाठवते? पश्चिम आफ्रिकेत शिक्षणाची परंपरा नाही असा समज आपल्याकडे आढळतो. तो अज्ञानमूलक आहे. सिएरा लिओनमधील फ्रीटाऊन येथे फोरा बे महाविद्यालय १८२७ साली स्थापन झाले, म्हणजे मुंबई, कलकत्ता व मद्रास या विद्यापीठांच्या तीस वर्षे आधी. साऱ्या पश्चिम किनाऱ्यावरून विद्यार्थी तेथे येत आणि १८७६ पासून त्यांना इंग्लंडमधील डरहम विद्यापीठाच्या पदव्या मिळत. नायजेरियातील ईबादान आणि घानातील लेगोन येथील विद्यापीठीय महाविद्यालये १९४८ साली निघाली. तेव्हा उणीव आहे ती परंपरेची नव्हे, जागांची. नायजेरियात विद्यापीठ प्रवेशाच्या सामायिक परीक्षेला दरवर्षी पंधरा लाखांहून अधिक मुले बसतात आणि त्यांतील अल्पसंख्याकांनाच प्रवेश मिळतो. ज्यांना मिळतो त्यांचीही वाट सरळ नसते. २०२२ साली तेथील विद्यापीठीय अध्यापकांचा संप १४ फेब्रुवारीला सुरू झाला आणि १४ ऑक्टोबरला मिटला. आठ महिने वर्ग ओस पडले. चार वर्षांचा अभ्यासक्रम सहा वर्षांत पुरा होणार असेल, तर ऐपत असलेले कुटुंब दुसरी वाट शोधणारच.

ही दुसरी वाट सर्वांसाठी विलायतेची नसते. पुष्कळ नायजेरियन विद्यार्थी शेजारच्या घानात जातात. तेथील विद्यापीठे त्यांच्याकडून डॉलरमध्ये शुल्क घेतात. या दोन देशांचा शेजारधर्म नेहमीच सुरळीत राहिलेला नाही. १९६९ साली घानाने आणि १९८३ साली नायजेरियाने परस्परांचे नागरिक मोठ्या संख्येने देशाबाहेर घालवले होते. त्याच देशांच्या दरम्यान आज विद्यार्थ्यांची वर्दळ चालते. ज्यांना त्याहून दूर पण युरोप-अमेरिकेहून स्वस्त असे ठिकाण हवे, त्यांच्यापुढे भारत, मलेशिया, तुर्कस्तान असे पर्याय असतात. बंगळूरच्या बाजूने तीन गोष्टी होत्या : अध्यापन इंग्रजीत, हवा सौम्य, आणि संगणकाच्या व्यवसायामुळे शहराचे जगभर झालेले नाव. आयव्हरी कोस्ट, काँगो अशा फ्रेंचभाषी देशांतील मुले तर येथे आधी इंग्रजीचा वर्ग करीत आणि मग पदवीच्या वर्गात दाखल होत.

परंतु स्वखर्चाने चाललेले हे शिक्षण एका नाजूक दोऱ्यावर लोंबकळत असते. तो दोरा म्हणजे चलनाचा भाव. २०२३ सालच्या जूनमध्ये नायजेरियाने आपले चलन खुल्या बाजाराच्या हवाली केले. त्यापूर्वी एका डॉलरला सुमारे ४६० नायरा पडत. २०२४ च्या आरंभी दीड हजारांच्या आसपास पडू लागले. याचा घरगुती अर्थ काय होतो? समजा, एका विद्यार्थ्याचे वर्षाचे शुल्क दोन हजार डॉलर आहे. पूर्वी त्याच्या वडिलांना त्यासाठी नऊ लाख वीस हजार नायरा जमवावे लागत. आता तीस लाख जमवावे लागतात. वडिलांचा पगार मात्र नायरातच असतो आणि तो तिप्पट झालेला नसतो. घानाचे चलनही २०२२ साली असेच कोसळले. सुदानमध्ये तर एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटले आणि पैसे पाठवणारे घरच विखुरले. अशा वेळी विलायतेतील विद्यार्थी आठवड्याचे काही तास नोकरी करून निभावून नेतो. भारतात विद्यार्थी-परवान्यावर आलेल्या माणसाला नोकरी करण्याची मुभा नाही. घरून पैसा आला नाही तर शुल्क थकते; शुल्क थकले तर महाविद्यालयाचे पत्र मिळत नाही; पत्राशिवाय वास्तव्याची मुदत वाढत नाही; आणि मुदत संपली की काल विद्यार्थी असलेला तरुण आज कायद्याच्या दृष्टीने बेकायदा रहिवासी ठरतो. अशा माणसाकडे पाहून शहर म्हणते, ही माणसेच अशी. तो तेथवर कसा पोहोचला, हे कोणी विचारीत नाही.

येथवर जी कारणे पाहिली ती दूरची होती. आता जवळची पाहिली पाहिजेत. बंगळूरला येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्याची पहिली गाठ महाविद्यालयाशी नव्हे, घरमालकाशी पडते. अनेक महाविद्यालयांची वसतिगृहे अपुरी असल्याने तो कम्मनहळ्ळी, हेण्णूर, कोत्तनूर, बाणसवाडी किंवा हेसरघट्टा रस्ता अशा भागांत खोली शोधतो. या शहरात भाड्याच्या दहा महिन्यांइतकी अनामत आगाऊ घेण्याचा जुना प्रघात आहे. परदेशी भाडेकरू ठेवला तर घरमालकाला सरकारकडे त्याची माहिती भरून द्यावी लागते, म्हणून सावध मालक नकार देतात आणि बेसावध मालक जादा भाडे घेतात. विद्यार्थ्याने स्वतः आगमनापासून चौदा दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावयाचे असते आणि त्यासाठी राहत्या जागेचा पुरावा लागतो. म्हणजे घर मिळाल्याशिवाय नोंदणी नाही आणि नोंदणीच्या कटकटीमुळे घर मिळणे कठीण. या चक्रात सापडलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा मग आपल्याच देशबांधवांच्या आधाराने राहतो. एका खोलीत चौघे, एका गल्लीत चाळीस, अशी वस्ती होते आणि शेजारी म्हणू लागतात की हे लोक आमच्यात मिसळत नाहीत.

या दुराव्याचे टोक ३१ जानेवारी २०१६ रोजी दिसले. शहराच्या उत्तरेकडील सोलदेवनहळ्ळी परिसरात एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीखाली सापडून एक स्थानिक स्त्री मरण पावली. हा अपघात दुःखद होता आणि त्याचा न्याय कायद्याने व्हावयास हवा होता. परंतु काही वेळाने त्याच रस्त्याने टांझानियाची एक विद्यार्थिनी आपल्या मित्रांबरोबर दुसऱ्या मोटारीतून आली. त्या अपघाताशी तिचा काहीही संबंध नव्हता. जमावाने तिला ओढून काढून मारहाण केली, तिची विटंबना केली आणि मोटार पेटवून दिली. सुदान कोठे, टांझानिया कोठे! जमावाच्या लेखी दोघांचा रंग एक होता, एवढे पुरे झाले. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी तीव्र दुःख व्यक्त केले, टांझानियाचे राजदूत बंगळूरला आले, काही जणांना अटक झाली, पोलिसही निलंबित झाले. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये काँगोच्या एका तरुणाचा शहरातील पोलीस ठाण्यात ताब्यात असताना मृत्यू झाला. त्यानंतर ठाण्यासमोर जमलेल्या आफ्रिकी निदर्शकांवर लाठीमार झाला. या दोन घटनांच्या दरम्यानची वर्षे तीच आहेत, ज्या वर्षांत राज्याचा आकडा उतरत गेला.

या दोन गोष्टींत सरळ कार्यकारण जोडणे योग्य होणार नाही. चलनाचा भाव, इतर राज्यांची स्पर्धा, महामारी ही कारणे आपापल्या जागी आहेतच. परंतु विद्यार्थ्यांची ये-जा कशी चालते, हे जाणणाऱ्यास एक गोष्ट पटेल. एखाद्या गावातील पहिला मुलगा जाहिरात वाचून येतो; दुसरा, तिसरा आणि दहावा मुलगा पहिल्याचे ऐकून येतात. थोरल्या भावाने धाकट्याला काय सांगितले, यावर पुढील दहा वर्षांची संख्या अवलंबून असते. महाविद्यालयाचे माहितीपत्रक रंगीत असते. पण फोनवरून घरी सांगितलेले दोन शब्द त्याहून अधिक दूर पोहोचतात.

या ठिकाणी मराठी वाचकाने आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे वळून पाहावे. १८८३ साली आनंदीबाई जोशी अठरा वर्षांच्या वयात अमेरिकेस गेल्या. त्या काळच्या परदेशी विद्यार्थिनीच त्या. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, आणि १८८६ साली त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्यांच्या पदवीचे श्रेय त्यांच्या बुद्धीचे व जिद्दीचे आहेच. पण परक्या मुलीला घर देणाऱ्या त्या कुटुंबाचे स्मरणही महाराष्ट्राने कृतज्ञतेने ठेवले आहे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड अशी ती तीन वर्षांची शिष्यवृत्ती होती. न्यूयॉर्कमध्ये त्यांना राहावयास जागा मिळाली, ग्रंथालय मिळाले, गुरू मिळाले. १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना कोणी घर देईना. नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. जगातील एका श्रेष्ठ विद्यापीठाचा विद्वान त्या दिवशी सार्वजनिक बागेत बसून राहिला. भाड्याची खोली नाकारणे ही क्षुल्लक गोष्ट वाटते. ती किती खोल जाते, हे मराठी माणसाला दुसऱ्याने सांगावयास नको.

उलट बाजूचे एक उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार यांना वसतिगृहात एक दृश्य दिसले. मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि त्याला खिडकीतून जेवणाचा डबा दिला जात होता. घरापासून दूर असलेल्या या मुलांना कोणीतरी आपले मानले पाहिजे, या जाणिवेतून त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम सुरू केले आणि १९७१ साली सिंबायोसिस ही संस्था निघाली. पुढे ती मोठे विद्यापीठ झाली हा वेगळा इतिहास आहे. येथे सांगावयाचा मुद्दा एवढाच की आरंभ शुल्काच्या तक्त्यापासून झाला नाही. आजाऱ्याच्या डब्यापासून झाला.

बंगळूरही परक्याला न ओळखणारे शहर नव्हे. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीचे हे ठाणे होते, आणि त्यांच्या दरबारात अनेक भाषांच्या विद्वानांना आश्रय होता. मराठी, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदत आली आहेत. १९०९ साली येथे भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्यामागे जमशेटजी टाटांची देणगी व म्हैसूरच्या राजघराण्याने दिलेली जमीन होती आणि तिचे पहिले संचालक इंग्लंडहून आलेले रसायनशास्त्रज्ञ मॉरिस ट्रॅव्हर्स होते. शहराची उभारणीच बाहेरून आलेल्यांच्या हातांनी झाली आहे. तेव्हा आफ्रिकी विद्यार्थ्याला सामावून घेणे हे या शहराच्या स्वभावाविरुद्ध नाही.

मग करावयाचे काय? सरकारच्या पातळीवर बरेच काही चालले आहे. २०१८ साली ‘स्टडी इन इंडिया’ ही योजना सुरू झाली. २०२३ साली मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेने टांझानियातील झांझिबार येथे आपले आवार उघडले, म्हणजे विद्यार्थी संस्थेकडे येण्याऐवजी संस्थाच विद्यार्थ्यांकडे गेली. २०२५ साली इंग्लंडच्या लिव्हरपूल विद्यापीठाला बंगळूरमध्ये आवार उघडण्याचे इरादापत्र मिळाले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु ज्या गोष्टींनी संख्या टिकते त्या फार साध्या आहेत. ज्या संस्थेने परदेशी विद्यार्थ्याकडून जादा शुल्क घेतले, तिने किमान पहिल्या वर्षी त्याच्या राहण्याची जबाबदारी घ्यावी. नोंदणीची कागदपत्रे संस्थेनेच पुरी करून द्यावीत, म्हणजे घरमालकाचे भय कमी होईल. एखाद्या देशाचे चलन कोसळले असेल तर शुल्काचे हप्ते पाडून द्यावेत आणि केवळ थकबाकीपायी वास्तव्याचे पत्र अडवू नये. वस्तीतील पोलीस ठाण्यात या विद्यार्थ्यांची नावे गुन्हा घडल्यावरच नव्हे, तर ते आल्यावरच माहीत असावीत. आणि आपल्या शाळांतील भूगोलाच्या तासाला आफ्रिका हा एक देश नसून पन्नासांहून अधिक देशांचा खंड आहे, एवढे तरी मुलांच्या मनावर बिंबावे.

यांतील कोणत्याही उपायाला मोठी रक्कम लागत नाही. लागते ती दृष्टी. परदेशी विद्यार्थी म्हणजे परकीय चलन, अशी दृष्टी ठेवली तर संख्या चलनाच्या भावाबरोबर चढेल आणि उतरेल. परदेशी विद्यार्थी म्हणजे उद्याचा अभियंता, परिचारिका, सेनाधिकारी, कदाचित राष्ट्रप्रमुख, जो तीन-चार वर्षे आपल्यात राहून आपल्याविषयीचे मत बनवीत आहे, अशी दृष्टी ठेवली तर एखाद्या वर्षी आकडा उतरला तरी तो पुन्हा सावरेल. पुण्यास आणि वेलिंग्टनला शिकून गेलेल्या अधिकाऱ्यांनी पुढे अनेक वर्षे नायजेरियाचा कारभार पाहिला, हे विसरून चालणार नाही. आज हेण्णूरच्या एखाद्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करीत बसलेल्या मुलाकडून उद्या कोणाला काय सांगितले जाईल, हे बऱ्याच अंशी त्याच्या घरमालकाच्या, शेजाऱ्याच्या, रिक्षावाल्याच्या आणि वर्गमित्राच्या हाती आहे. सर्वेक्षणाचा पुढील रकाना भरला जाईल तो दिल्लीत. पण त्यातील आकडा ठरतो तो या गल्ल्यांत.